देवमाशाचं क्वार्टर

मार्च लागला की भिलाईच्या वैशाली नगरातल्या आमच्या गल्लीत घोकंपट्टी सुरू होते. समोरच्या घरातली सातवीतली मुलगी संध्याकाळी गच्चीवर फेऱ्या मारत पाठ करते. गेल्या आठवड्यात मुघल होते, या आठवड्यात समुद्र आहे. "फायटोप्लँक्टन, झूप्लँक्टन, छोटी मछली, बडी मछली," असं ती एका श्वासात म्हणते आणि कठड्यापाशी वळते. काल मी खालून तिला विचारलं की एवढे सगळे मिळून त्या बारक्या जीवांना रोज खातात, तर ते बारके संपत का नाहीत? तिने वह्या छातीशी धरल्या, कठड्यावरून वाकली आणि फार आदराने म्हणाली, "आजी, वो सिलेबस में नहीं है."

म्हणजे अजूनही नाही. मला उगाचच बरं वाटलं. आत येऊन मी चहा टाकला आणि तो उतू जाईपर्यंत एका भिंतीचा विचार करत उभी राहिले.

त्या भिंतीचा मोसमही हाच. मोहाची फुलं गळायला लागलेली. दुर्गच्या बाजूने वारा आला की तो गोडसर, किंचित आंबलेला वास माझ्या वर्गात शिरायचा आणि पोलादाच्या कारखान्याच्या बाजूने आला की लाल धूळ. बाकावर बोट फिरवलं की बोटाला कुंकू लागल्यासारखं दिसायचं. तेव्हा भिलाई पुरती झालेली नव्हती. रोज काहीतरी उभं राहत होतं: आज एक चिमणी, उद्या एक सेक्टर. रस्ते आधी यायचे आणि त्यांच्या कडेची घरं नंतर. झाडं इतकी लहान होती की त्यांच्याभोवतीचे विटांचे कठडेच जास्त सावली द्यायचे. आमचे हे रेल्वेत, म्हणून आम्ही चरोद्याच्या रेल्वे कॉलनीत राहायचो. मी लोकलने पॉवर हाउस स्टेशनला उतरायची आणि चालत शाळेत जायची. शाळा हिंदी माध्यमाची, त्यामुळे मी सर्वांची बहनजी. विषय सामान्य विज्ञान. वर्गात पंजाबी, मल्याळी, बंगाली, तेलुगू, छत्तीसगढी मुलं, आणि गोंदिया-भंडाऱ्याकडून शेती सोडून आलेल्या आपल्या मराठी लोकांची. मधल्या सुट्टीत डबे उघडले की अर्ध्या देशाचा वास यायचा. समुद्राचा मात्र नाही. मल्याळी मुलंसुद्धा डोंगराकडच्या गावांतली निघाली.

समुद्रावरचा धडा दीड पानाचा होता. त्यात समुद्र खारट असतो, खोल असतो आणि देशाच्या संरक्षणासाठी महत्त्वाचा असतो, असं लिहिलेलं होतं. समुद्रात कोणी राहतं की नाही, याविषयी लेखकाने मौन पाळलं होतं. मीही तोवर समुद्र पाहिलेला नव्हता. हेडमास्तर सागर नावाच्या शहरातले होते आणि त्यांचा समुद्राशी संबंध तेवढाच. तेव्हा एका शनिवारी मी सातवीला घेऊन शाळेमागच्या तळ्यावर गेले. ते तळं ज्या गावाचं होतं ते गाव कारखान्यासाठी उठलेलं. घरं गेली, पण घाटाचे दगड आणि एक पिंपळ राहून गेला होता. लोणच्याच्या रिकाम्या बरणीत हिरवट पाणी भरून आम्ही ती उन्हात धरली. आधी काहीच दिसत नाही. मग डोळे स्थिरावतात आणि पाण्यात मोहरीपेक्षा बारीक ठिपके दिसतात, हिसके देत वरखाली जाणारे. मुलं इतकी गप्प झाली की धुणं धूत बसलेली बाई हातातलं काम ठेवून आमच्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, समुद्रही असाच आहे. हिरवं पाणी म्हणजे वनस्पती. ती खाणारे हे ठिपके, ठिपके खाणारे मासे, त्या माशांना खाणारे आणखी मासे. बरणी फक्त मोठी.

"और स्लॅग किधर जाता है?" मागून कोणीतरी विचारलं.

वर्ग हसला नाही. प्रश्न रास्त होता. या मुलांना जगातली प्रत्येक गोष्ट कारखान्यासारखीच चालताना दिसायची. एका बाजूने माल आत येतो, दुसऱ्या बाजूने लोखंड बाहेर पडतं आणि उरलेली धगधगती मळी, तोच स्लॅग, संध्याकाळी डब्यांतून नेऊन ओततात, तेव्हा आकाशाचा एक कोपरा लाल होतो. तो लाल कोपरा बघून त्यांच्या आया रात्रीची कणीक मळायला घ्यायच्या. मग समुद्रात एवढे प्राणी खातात, मरतात, त्यांचं उरलेलं कुठे ओततात? मी पुढच्या आठवड्यात सांगेन म्हटलं. कारखान्याच्या क्लबातल्या लायब्ररीत एक जाडजूड इंग्रजी विश्वकोश होता. साहेब लोकांनी तो बहुधा कपाटाला वजन म्हणून घेतला असावा, कारण कडेला जोडलेली न उघडलेली पानं सुटी करायला मलाच पट्टी लागली. त्यात सापडलं की सगळं हळूहळू खाली झरत राहतं, वरून बर्फ पडावं तसं. तळाच्या काळोखातले प्राणी ते खातात, आणि जे उरतं त्याचं खत पाण्याबरोबर कधीतरी पुन्हा वर येतं. म्हणजे समुद्रात मळी नसतेच. हे मी वर्गात सांगितलं तेव्हा एक मुलगा म्हणाला की असा प्लांट तर आपला कारखाना उभारणाऱ्या रशियनांनाही जमणार नाही.

पुढची चूक मात्र भिलाईबाहेर कुणी केली असती असं मला वाटत नाही.

मी पुठ्ठ्याचे तुकडे कापून त्यांवर नावं लिहिली. देवमासा, शार्क, मोठे मासे, लहान मासे, झिंगे, आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या तरंगत्या वनस्पती. कोण कोणाला खातं ते लावा, असं सांगून मी हजेरीपट भरत बसले. डोकं वर करते तो काम झालेलं. भांडण नाही, खोडाखोड नाही. सगळ्यात वर देवमासा, त्याच्याखाली शार्क, मग उतरत्या क्रमाने सगळे. कारण सरळ होतं. आमच्या गावात कोणीही कोणालाही पगार विचारत नसे, क्वार्टर विचारत असे. एका खोलीचं, दोन खोल्यांचं, मागे अंगण असलेलं, आणि शेवटी बड्या साहेबांचा बत्तीस बंगला. मुलांनी प्रत्येक प्राण्याला त्याच्या आकाराप्रमाणे क्वार्टर देऊन टाकलं होतं. देवमासा बत्तीस बंगल्यात. झिंगे लेबर कॅम्पात. वनस्पती तंबूत. जो ज्याच्या वर, तो त्याला खातो. यात शंका घेण्यासारखं कोणालाच काही वाटलं नाही, मलाही नाही.

हेडमास्तरांना तो तक्ता इतका आवडला की त्यांनी तो व्हरांड्याच्या भिंतीवर रंगवून घ्यायचं ठरवलं. मला वाटतं, कार्यालयात टांगलेल्या अधिकाऱ्यांच्या तक्त्याशी त्याचं साम्य त्यांच्या लक्षात आलं असावं. शिवाय दिल्लीहून कोणी मोठे पाहुणे कारखान्यात यायचे होते आणि वाटेत त्यांना एखादी शाळा दाखवायची होती. ती आमची ठरली. मग जे व्हायचं ते सुरू झालं. झाडांच्या विटांना गेरू आणि चुना लागला. पाण्याच्या माठांना नवी झाकणं आली. मुलांना हात हलवण्याचा सराव देण्यात आला, कारण त्यांचे हात एकाच वेळी हलत नव्हते. कारखान्यात 'सावधान' आणि 'हेल्मेट पहनो' लिहिणारा पेंटर आला आणि त्याने ऑइलपेंटने भिंत निळी केली. देवमासा त्याने पाहिलेला नव्हता, रोहू पाहिली होती. त्यामुळे आमचा देवमासा म्हणजे छताला टेकलेली प्रचंड रोहू होती, खवल्यांसकट. तिच्या चेहऱ्यावर वरिष्ठांना शोभेल असं समाधान होतं.

पाहुण्यांना भिंत समजावून सांगायचं काम यमुनाकडे आलं.

यमुना माझ्या वर्गातली. शांत, पण एखादी गोष्ट पटली नाही की भुवयांच्या मध्ये एक उभी रेघ पडायची आणि ती पटेपर्यंत जायची नाही. वडील दशरथभाऊ कारखान्यात रिगर, म्हणजे दोरखंड आणि साखळ्या लावून अवजड यंत्रं वर चढवणारे. मूळचे साकोलीकडचे, धानाच्या दोन बांध्या वाट्याने कसायला देऊन आलेले. परीक्षा झाली की यमुनाची शाळा बंद करायची, असं त्यांनी ठरवलं होतं. मी त्यांच्या क्वार्टरवर जाऊन बोलून आले होते. त्यांनी मला खुर्ची दिली, चहा दिला आणि नकार दिला. "सातवी बहुत झाली, बहनजी. गावाले माही बुढी माय एकटी हाय, तिले आता बराबर दिसत नाही. पोरगी जाईन, दोन भाकरी टाकून देईन." त्यात राग नव्हता, तुच्छता नव्हती. एक जागा रिकामी होती आणि एक माणूस हाताशी होतं, एवढाच हिशेब. यमुना दारात उभी राहून ऐकत होती आणि ती रेघ तिच्या कपाळावर होती.

मग मी हेडमास्तरांना गाठलं. दशरथभाऊ त्यांना फार मानत. हेडमास्तर म्हणाले, पाहुण्यांचं नीट पार पडू द्या, पोरीने चार वाक्यं नीट म्हटली तर मी स्वतः तिच्या बापाला बोलावून सांगतो. ते सांगतील तर तो नाही म्हणणार नाही, हे त्यांनाही माहीत होतं, मलाही आणि यमुनालाही. म्हणून ती चार वाक्यं तिने अशी पाठ केली की झोपेतून उठवलं तरी म्हणेल.

आणि पाहुणे यायच्या दोन-तीन दिवस आधी तीच एक पुस्तक घेऊन आली. तिच्या वडिलांबरोबर काम करणारा एक रशियन इंजिनियर मायदेशी परत जाताना वाटावाटी करून गेला होता. कोणाला टोपी, कोणाला बिल्ले, दशरथभाऊंना मुलांचं एक चित्रांचं पुस्तक. एक अक्षर कोणाला वाचता येत नव्हतं. चित्रं पाहायची म्हणून ते घरात फिरत होतं. यमुनाने एक पान उघडून माझ्यापुढे धरलं. खोल निळा समुद्र. त्यात खवले नसलेला, गुळगुळीत, काळसर देवमासा, तोंड दाराइतकं उघडलेलं. तोंडात दात नाहीत, झालर. आणि त्या झालरीसमोर गुलाबी ढगासारखे असंख्य बारीक झिंगे.

"बहनजी, हा तं झिंगे खाऊन राह्यला," ती म्हणाली. "शार्क तं इथं हायच नाही."

मी पुन्हा विश्वकोश गाठला. तो रशियन चित्रकाराच्या बाजूने निघाला. जगातला सर्वांत मोठा प्राणी तोंडभर पाणी घेतो, चाळणीसारख्या त्या झालरीतून बाहेर सोडतो, आणि आत उरतात ते झिंगे गिळतो. शार्कशी त्याचं काही देणंघेणं नाही. बत्तीस बंगल्यातला साहेब मधले सगळे मजले सोडून थेट लेबर कॅम्पात जेवायला येत होता.

हे कळल्यावर वर्गात जी धांदल उडाली तशी मी नंतरच्या नोकरीत फार वेळा पाहिली नाही. एवढ्याशाने पोट भरतं? मग शार्कला तो घाबरत असेल? झालरीत अडकलेले तो दातांशिवाय काढतो कसे? एकाने तर मधल्या सुट्टीत आईची पीठ चाळायची चाळणी आणून बादलीतल्या पाण्यात प्रयोग केला आणि घरी मार खाल्ला. मला एकाही प्रश्नाचं पूर्ण उत्तर येत नव्हतं, आणि त्याचं दुःख होत नव्हतं.

हेडमास्तरांना मी सांगितलं की भिंत चुकली आहे. त्यांनी विश्वकोशाचं पान लक्षपूर्वक वाचलं, चष्मा काढला आणि विचारलं की पाहुणे समोर उभे राहतील तेव्हा सगळ्यात वर मोठा प्राणी ठेवायचा नाही तर काय झिंगा ठेवायचा? रंगही वाळला होता. पाहुणे गेले की समुद्राचं काय करायचं ते करा, असं ते म्हणाले. मी यमुनाला एवढंच सांगितलं की पाठ केलंय तेवढं बोल, बाकी आपण नंतर नीट करू. तिने मान हलवली. रेघ तशीच.

तो दिवस उजाडला. शामियाना उभारायला कारखान्यातून रिगरांची टोळी आली होती. आमच्याकडे काहीही उभं करायचं म्हटलं की तेच यायचे. त्यात दशरथभाऊ. पोरं सकाळपासून झेंड्या घेऊन रस्त्याकडेला उभी होती. दोघांना चक्कर आली, त्यांना माझ्या खोलीत निजवलं. ऊन डोक्यावर आल्यावर जीपा आल्या, धूळ आली आणि त्या धुळीतून पाहुणे आले. बारीक, वयस्क, थकलेले गृहस्थ. गळ्यात इतके हार होते की त्यांना मान वळवता येत नव्हती, त्यामुळे ते सगळ्या अंगानेच वळत होते. भिंतीपाशी ते थांबले. दशरथभाऊ शामियान्याचा दोर धरून पलीकडे उभे होते, कारण वारा सुटला होता आणि कनात फडफडत होती.

यमुनाने छडी उचलली आणि चारही वाक्यं म्हटली. समुद्र विशाल आहे. समुद्रात अनेक जीव राहतात. लहानांवर मोठ्यांचं जीवन चालतं. व्हेल समुद्राचा राजा आहे. हेडमास्तरांनी सुटकेचा श्वास सोडला तो मला ऐकू आला.

इथे पाहुण्यांनी पुढे जायचं असतं. पण ते गृहस्थ थांबले. कदाचित त्यांना सावली बरी वाटली असेल, कदाचित खरंच कुतूहल असेल. त्यांनी विचारलं, "और ये राजा खाता क्या है, बेटी?"

छडी शार्कपासून वीतभर अंतरावर होती. नुसती टेकवायची होती. भिंतीवर तेच काढलेलं होतं आणि भिंतीची साक्ष कोणी नाकारली नसती. यमुनाने छडीकडे पाहिलं, मग खाली वाकली. शार्क सोडला, मोठे मासे सोडले, लहान मासे सोडले, आणि जवळजवळ जमिनीशी, पेंटरने घाईत मारलेल्या गुलाबी ठिपक्यांवर टोक ठेवलं.

"ये. झिंगा."

"पर चित्र में तो..."

"चित्र गलत है, साहब," ती म्हणाली.

मग पाहुणे हसले, हारांतून एक हात बाहेर काढून त्यांनी तिच्या डोक्यावर ठेवला, निळ्या रंगाची स्तुती केली आणि कोणीतरी घड्याळ दाखवल्यावर जीपकडे निघाले. सगळं अर्ध्या मिनिटात संपलं. पोरांचे हात या वेळी एकाच वेळी हलले.

हेडमास्तर यमुनाला टाळून माझ्याकडे आले. मला म्हणाले की त्यांनी शब्द दिला होता तो चार वाक्यांवर, आणि पाचवं त्यांच्या हिशेबात नव्हतं. तिच्या बापाशी तुम्हीच बोला. मी तर बोलून चुकले होते. यमुना नळावर तोंड धुऊन आली आणि झेंड्या गोळा करू लागली, पुष्कळ वेळ, जणू तेवढं एक काम संपायला नको होतं.

दुपार कलली. शामियाना उतरला. टोळीची गाडी भरत होती आणि दशरथभाऊ खांद्यावर दोराचं वेटोळं टाकून भिंतीसमोर उभे होते. त्यांनी वर पाहिलं, खाली पाहिलं, पुन्हा वर पाहिलं. एखादं यंत्र चढवण्याआधी त्याचं वजन नजरेने तोलावं तसं. मी जवळ गेले तरी वळले नाहीत.

"येवढं धूड," ते म्हणाले, "अन् येवढुशाले खाते?"

मी हो म्हटलं.

"रोज?"

"रोज. टनांनी."

त्यांनी दोर दुसऱ्या खांद्यावर घेतला. "मंग थे बारके संपत कावून नाही?"

मला ठाऊक नव्हतं. त्या घडीला मला एवढंच दिसत होतं की हा माणूस गाडीचा हॉर्न वाजत असताना भिंतीपुढून हलत नाही. आणि मागे, हातात झेंड्यांचा भारा घेऊन, त्याची मुलगी उत्तराची वाट बघते आहे.

"ते आठवीत आहे," मी म्हटलं.

"आठवीत?"

"हो. सातवीला एवढंच आहे. पुढचं आठवीला."

गाडीतून कोणीतरी त्यांना शिवी घातली. मग ते जरा नाराजीने म्हणाले, "म्हंजे हे अर्धंच झालं म्हना. आमच्याकडं लोड हवेत लटकवून शिफ्ट सोडत नाही, बहनजी. एक तं वर चढवा, नाही तं खाली ठेवा." आणि यमुनाकडे न बघता, "बुढीलेच इकडं आनतो. तिले बी कोनी पायजे, आमाले बी कोनी पायजे." गाडी सुरू झाली होती. ते पळत जाऊन मागे चढले.

त्यानंतर मी पुष्कळ वर्षांनी पुरीला समुद्र पाहिला. काठावर उभी राहिले आणि पहिल्यांदा वाटलं की हा आवाज ओळखीचा आहे. खोल, न थांबणारी घरघर, आपल्या चरोद्याच्या घरात खिडकी उघडली की कारखान्याची यायची तशी. पाणी ओंजळीत घेऊन उन्हात धरलं. काही दिसलं नाही. बरणी नेली नव्हती. ती भिंत मात्र गेली. दर दिवाळीला तिच्यावर चुना चढत गेला, तरी कित्येक वर्षं पावसाळ्यात ओल आली की छताजवळ रोहूचे खवले उमटायचे. नव्या मास्तरांना वाटायचं, बुरशी आहे.

आणि ते बारके का संपत नाहीत, हे मला अजूनही नीट सांगता येत नाही. जे वाचलं त्यावरून इतकं कळतं की ते आपल्यापेक्षा घाईत जगतात आणि घाईत वाढतात, आणि देवमाशानेच वर आणून सोडलेल्या घाणीवर त्यांचं पुढचं पीक उगवतं, असंही कोणी म्हणतं. एकाचं उत्तर दुसऱ्याच्या पोटात आहे, आणि मी कुठल्याही टोकाने सुरुवात केली तरी मधेच अडकते.

आठवीचं पुस्तक जुलैत आलं. त्यात चुंबक होतं, साबण कसा करतात ते होतं, बेडकाचं पोट होतं. समुद्र नव्हता. यमुनाने पहिल्याच तासाला ते पहिल्या पानापासून शेवटपर्यंत चाळलं, मग शेवटापासून पहिल्यापर्यंत. नंतर माझ्याकडे पाहिलं. मी फळ्याकडे वळले आणि खडू शोधू लागले. ती पुस्तकाला खाकी कव्हर घालायला लागली.

दशरथभाऊ पाळी सुटल्यावर सायकलवरून जाताना कधी शाळेपाशी भेटायचे. एक पाय जमिनीला टेकवून विचारायचे, तो धडा आला का? मी सांगायची, पुढे आहे. घरीही ते हेच विचारायचे, असं यमुना म्हणाली, आणि तीही तेच सांगायची. "अजून नाही आला, बाबा. पुढं हाय."

नववीतही तो पुढेच होता.